अ टेल ऑफ टू सिटीज : थीम आणि लिटररी डिव्हाइस स्वतः कशा शोधायच्या

सोलापुरात परीक्षा जवळ आली की झेरॉक्सच्या दुकानांतून त्याच त्या नोट्स फिरायला लागतात, आणि त्यात अ टेल ऑफ टू सिटीज या चार्ल्स डिकन्सच्या फ्रेंच क्रांतीवरच्या कादंबरीच्या थीम्स एका ओळीत उरकलेल्या असतात: पुनरुत्थान, त्याग, सूड, वर्गसंघर्ष. खाली डिव्हाइसेसची, म्हणजे लेखकाच्या तंत्रांची यादी, सिम्बॉलिझम (प्रतीकं), फोरशॅडोइंग (पुढच्या घटनेची आधीच चाहूल), अँटिथेसिस (विरोध), डबल्स (जोडीची पात्रं). पोरं ते पाठ करतात, पेपरात उतरवतात आणि मग विचारतात, एवढं लिहिलं तरी मार्क का नाही पडले. कारण सरळ आहे, 'सूड' ही थीम नाहीच, तो नुसता विषय झाला. त्या विषयाबद्दल कादंबरी काय म्हणते ती थीम, आणि ती पूर्ण वाक्यातच येते. 'अन्याय फार काळ चालला की तो सोसणारे शेवटी अन्याय करणाऱ्यांसारखेच निर्दय होतात', ही झाली थीम. तर बीए-एमएवाले असोत, सेट-नेटवाले असोत की नुसत्या आवडीनं वाचणारे, पद्धत एकच सांगतेय: यादी बाजूला ठेवा, पुस्तकातली एक वस्तू धरा, आणि ती कुठं कुठं जाते ते बघत शेवटपर्यंत तिच्या मागं जा.

त्यासाठी पुस्तक पूर्ण पाहिजे. संक्षिप्त आवृत्ती इथं उपयोगाची नाही, कारण संक्षेप करणारा गोष्ट ठेवतो आणि नेमक्या या वस्तूच कापून टाकतो. एकूण ४५ प्रकरणं आहेत, तीन भागांत, ६, २४ आणि १५ अशी. इंग्रजी जड जात असेल तर शेजारी मराठी अनुवाद ठेवा, त्यात लाजण्यासारखं काही नाही, पण वाक्यांची रचना बघायची असेल तेव्हा मूळ पानच उघडायचं. कॉपीराइट कधीच संपलाय, इंटरनेटवर पूर्ण मजकूर फुकट मिळतो, आणि त्यात शब्द टाकून शोधता येतं हा मोठा फायदा, तो पुढं कामाला येणार आहे.

वाचायला बसायच्या आधी वहीच्या एका पानावर सनावळ्या काढा. १७५७ ला डॉक्टर मॅनेट पॅरिसच्या बॅस्टिल तुरुंगात डांबले जातात, १७६७ ला ते कोठडीत लपून सगळी हकिगत लिहून ठेवतात, १७७५ ला कादंबरी सुरू होते आणि डॉक्टर बाहेर आलेले असतात, १७८० ला लंडनमध्ये डॉक्टरांचा पुढं जावई होणाऱ्या चार्ल्स डार्नेवर देशद्रोहाचा खटला, १४ जुलै १७८९ ला बॅस्टिल पडतं, १७९२ ला डार्ने पॅरिसला जातो आणि अडकतो, आणि पुढच्या वर्षाच्या अखेरीला शेवट होतो. आता शेजारी दुसरा रकाना करा आणि यातली कुठली गोष्ट आपल्याला कुठल्या भागात कळते ते लिहा. १७५७ ला नक्की काय घडलं हे आपल्याला कळतं तिसऱ्या भागाच्या दहाव्या प्रकरणात, म्हणजे पुस्तक संपत आल्यावर! सगळ्यात जुनी घटना सगळ्यात शेवटी. ही रचना स्वतःच एक डिव्हाइस आहे. क्रांतीचा राग आपण आधी बघतो, घाबरतो, आणि मग एका शेतकरी कुटुंबावर दोन सरदार भावांनी काय अत्याचार केले ते वाचतो, तेव्हा त्या रागाचं मूळ कळतं. हा एक मुद्दा नीट मांडला तरी उत्तर नोट्सवाल्यांपेक्षा वेगळं उठून दिसतं.

अजून एक गोष्ट त्या पानावर लिहा, की ही कादंबरी ३० एप्रिल ते २६ नोव्हेंबर १८५९ या काळात डिकन्सच्या स्वतःच्या साप्ताहिकात ३१ हप्त्यांत आली. दर आठवड्याला थोडंथोडं वाचणाऱ्या माणसाला मागचं आठवावं म्हणून तीच वस्तू, तोच आवाज, तीच लकब पुन्हा पुन्हा आणावी लागते, आणि आपण ज्याला मोठ्या शब्दात मोटिफ म्हणतो त्याचं एक व्यवहारी कारण हे पण आहे.

आता पहिला परिच्छेद. तो पाठ सगळ्यांनाच असतो, सर्वोत्तम काळ आणि सर्वात वाईट काळ, पण माझं म्हणणं आहे तो एकदा स्वतःच्या हातानं वहीत लिहून काढा. लिहिताना लक्षात येतं की हे सगळं मिळून एकच वाक्य आहे, स्वल्पविरामावर स्वल्पविराम देत चालतं आणि पूर्णविराम येतच नाही. प्रत्येक तुकड्याची सुरुवात सारखी, ही झाली अॅनाफोरा, आणि समोरासमोर उलट गोष्टी, ती झाली अँटिथेसिस. इथपर्यंत नोट्समध्ये असतं. पण वाक्याचा शेवट कुणी बघत नाही. शेवटी डिकन्स म्हणतो की तो काळ आजच्यासारखाच होता, इतका की त्या काळातले आवाज करणारे लोक त्याच्याबद्दल बोलायचं तर टोकाचंच बोलायचे. म्हणजे ही फ्रान्सची जुनी गोष्ट म्हणून ऐकू नका, १८५९ च्या इंग्लंडनं पण ऐकावी, हे पहिल्याच वाक्यात आलं. याच प्रकरणात पुढं जंगलातली झाडं आहेत, ज्यांच्या फळ्या निघून गिलोटिन, म्हणजे मुंडकं उडवायचं यंत्र बनणार आहे, आणि शेतातल्या चिखलानं माखलेल्या गाड्या आहेत, ज्या पुढं माणसांना मारायला नेणार आहेत. क्रांतीला अजून १४ वर्षं अवकाश आणि झाडं वाढून तयार! फोरशॅडोइंग शब्द लिहिण्यापेक्षा ही झाडं लिहा.

आता वस्तू धरायची. सुरुवात करायला वाइन सगळ्यात सोपी, कारण ती डोळ्यांसमोर घडते. पहिल्या भागाचं पाचवं प्रकरण उघडा. पॅरिसच्या सेंट अंत्वान या गरीब वस्तीत दारूच्या गुत्त्यासमोर एक पिंप गाडीवरून उतरवताना फुटतं. रस्ता खडबडीत, दगडांच्या फटीत वाइनची डबकी साचतात आणि सगळी वस्ती हातातलं काम टाकून धावत येते. कुणी ओंजळीनं पितंय, कुणी फुटक्या मडक्याच्या तुकड्यानं, बाया डोक्याचा रुमाल भिजवून पोरांच्या तोंडात पिळतायत, कुणी पिंपाच्या ओल्या फळ्या चोखतंय, चघळतंय. थोडा वेळ अगदी जत्रेसारखा आनंद, नाचगाणं. वाइन संपते तसे सगळे गप्प होऊन आपापल्या कामाला लागतात. मग डिकन्स सांगतो की ती लाल वाइन होती आणि तिचे डाग रस्त्याला, हातांना, तोंडांना, अनवाणी पायांना लागले, आणि एक उंच माणूस त्या गाळात बोट बुडवून भिंतीवर लिहितो, रक्त.

इथं थांबून तीन प्रश्न विचारायचे. हे खरंच काय आहे? भुकेली माणसं सांडलेली दारू पितायत, बस. ते कशासारखं दिसतं? रक्तासारखं. आणि पुढं ते कुठं जातं? हा तिसरा प्रश्न बहुतेक जण सोडून देतात. त्यासाठी फाइलमध्ये वाइन शब्द शोधा. तिसऱ्या भागात बँकेच्या अंगणात मोठा धार लावायचा दगड फिरतोय, सप्टेंबर १७९२ च्या कत्तलीतली माणसं हत्यारांना धार लावतायत, आणि बाया त्यांच्या तोंडाला वाइन लावतायत, आता वाइन कुठली आणि रक्त कुठलं ते वेगळं काढता येत नाही. आणि शेवटच्या प्रकरणाच्या सुरुवातीला सहा गाड्या त्या दिवसाची वाइन गिलोटिनकडं नेतायत, म्हणजे माणसं. बघा हं काय झालं, पहिल्या भागात वाइन ही वाइन होती आणि रक्ताची आठवण देत होती, शेवटी रक्तालाच वाइन म्हटलंय. तहान तीच राहिली, फक्त प्यायची गोष्ट बदलली. आता थीमचं वाक्य लिहून बघा: 'पोटाची भूक वर्षानुवर्षं भागवली नाही की तिची रक्ताची तहान होते, आणि तिला कितीही मिळालं तरी पुरत नाही.' हे वाक्य कुठल्या नोट्समधून आलेलं नाही, पुस्तकातून आलंय, त्यामुळं त्याला पुरावा पण तयारच आहे.

दुसरी वस्तू म्हणजे त्याच गुत्त्याच्या मालकाची बायको मादाम दफार्ज हिचं विणकाम, आणि इथं आपण सोलापूरकर खरंच थोडे पुढं आहोत. गुत्त्यात बसून ही बाई सतत विणत असते आणि त्या टाक्यांत ती माणसांची नावं नोंदवते, कोणाकोणाला संपवायचं त्याची ती वही आहे. बाहेरच्या वाचकाला वाटतं, लोकरीत नाव कसं लिहिणार? शहराच्या पूर्व भागात ज्यांच्या घरात कुणी चादरीच्या कारखान्यात आहे त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. जेकार्डच्या मागावर मोर, फुलं, अक्षरं सगळं पुठ्ठ्याच्या कार्डातल्या भोकांत लिहिलेलं असतं, बघणाऱ्याला नुसती भोकं दिसतात आणि एकदा कार्ड चढलं की माग तेवढंच विणणार, मधेच मोराचा पोपट होणार नाही. मादाम दफार्जचं तेच आहे. नाव एकदा विणलं गेलं की माणूस बदलला, चांगला निघाला, निर्दोष निघाला, काही फरक पडत नाही. डार्नेनं घराणं सोडलं, नाव टाकलं, जमिनीवरचा हक्क सोडला, तरी तो त्या अत्याचारी सरदार घराण्यातला एव्हरेमाँडच. म्हणून विणकाम हे नुसतं नशिबाचं प्रतीक आहे असं लिहून थांबू नका. ग्रीक पुराणातल्या आयुष्याचा धागा कातणाऱ्या आणि कापणाऱ्या तीन देवींचा संदर्भ बरोबर आहे, तो एका वाक्यात द्या, पण पुढं लिहा की न्यायाची नोंद जेव्हा अशी न बदलणारी होते तेव्हा ती न्याय राहत नाही. आणि समोर ठेवा डॉक्टर मॅनेटची मुलगी ल्युसी हिचा सोनेरी धागा, दुसऱ्या भागाचं नावच ते आहे. तिचे केस, तिचं माणसांना धरून ठेवणं. एक धागा माणसं जोडतो, एक माणसं मोजतो. मला स्वतःला ल्युसी हे पात्र फार गुळगुळीत वाटतं, तिला एकही खरा दोष दिलेला नाही, आणि मादाम दफार्ज तिच्यापेक्षा किती तरी जिवंत आहे, हे उत्तरात लिहायला हरकत नाही, फक्त कारण द्या.

तिसरी वस्तू, किंवा वस्तू म्हणा की शब्द म्हणा, पुन्हा जिवंत होणं. पहिल्या भागाचं शीर्षकच ते. डॉक्टर मॅनेट जवळजवळ १८ वर्षांनी कोठडीतून बाहेर येतात, पण नाव विचारलं तर सांगतात, एकशे पाच, उत्तर मनोरा. बाकावर वाकून बुटं शिवत बसतात. तो चांभारकामाचा बाक धरा आणि त्याच्या मागं जा. तो लंडनला येतो, सुखाच्या दिवसांत कोपऱ्यात पडून असतो, आणि मुलीच्या लग्नाच्या दिवशी डार्नेचं खरं घराणं कळल्यावर डॉक्टर परत त्याच्यावर जाऊन बसतात. बरे झाल्यावर बँकेतले मिस्टर लॉरी आणि ल्युसीला सांभाळणारी मिस प्रॉस मिळून तो बाक फोडतात आणि जाळतात, आणि डिकन्स ते असं लिहितो की जणू दोन सज्जन माणसं खून करून प्रेत लपवतायत, ती मेणबत्ती धरतेय, तो कुऱ्हाड चालवतोय, हत्यारं आणि चामडं बागेत पुरलं जातंय. का बरं असं लिहिलं असेल? कारण तो बाकच त्या माणसाच्या दुखण्याचा अर्धा जीव होता. आणि इतकं करूनही तिसऱ्या भागात, जावई हातचा गेल्यावर, डॉक्टर विचारतातच, माझा बाक कुठाय. कैदेतून सुटका होते, कैद माणसातून सुटत नाही. हे वाचताना मला दर वेळी पोटात तुटतं.

याच धाग्यावर बँकेचा निरोप्या जेरी क्रंचर येतो आणि पोरं त्याला विनोदी पात्र म्हणून सोडून देतात, तसं करू नका. त्याच्या बोटांना कायम गंज का लागलेला असतो असा प्रश्न त्याच्या पोराला दुसऱ्या भागाच्या पहिल्याच प्रकरणात पडतो. उत्तर खूप पुढं मिळतं, तो रात्री कबरी उकरून प्रेतं डॉक्टरांना विकतो, म्हणजे हा पण माणसांना वर काढतो, आपल्या पद्धतीनं. आणि त्यानं उकरलेल्या एका कबरीत प्रेत नसतं. ही फालतू वाटणारी माहितीच तिसऱ्या भागात डार्नेसारखा दिसणारा वकील सिडनी कार्टन याच्या हातातला हुकमाचा पत्ता होते, तिच्या जोरावर तो गुप्तहेर बारसॅडला कोंडीत पकडतो आणि डार्नेच्या जागी मरायला तुरुंगात शिरायची वाट काढतो. गंजलेली बोटं नसती तर कार्टनचा त्याग घडलाच नसता! एका टोकाला प्रेतचोर, दुसऱ्या टोकाला दुसऱ्यासाठी जीव देणारा, आणि मध्ये योहानाच्या शुभवर्तमानातलं 'पुनरुत्थान आणि जीवन मीच आहे' हे वचन, जे कार्टन पॅरिसच्या रात्री रस्त्यावरून फिरताना आठवत राहतो. वरची पायरी आणि खालची पायरी दोन्ही दाखवल्या तर थीम भरून येते.

पावलांचे आवाज थोडक्यात. लंडनच्या सोहो भागातल्या घरात ल्युसीला प्रतिध्वनी ऐकू येतात आणि ती म्हणते ही आपल्या आयुष्यात येणाऱ्या माणसांची पावलं असतील, कार्टन गमतीनं म्हणतो येऊ द्या माझ्याकडं. दुसऱ्या भागाच्या एकविसाव्या प्रकरणात तेच आवाज बॅस्टिलकडं धावणाऱ्या जमावाचे होतात. शेवटी गिलोटिनसमोर कार्टनच्या कानावर पावलंच असतात. तीन जागा लिहा, बास झालं. डबल्सचं पण तसंच, डार्ने आणि कार्टन सारखे दिसतात एवढं सगळे लिहितात, तुम्ही एवढं जोडा की खटल्यात ज्या सारखेपणानं डार्ने वाचतो त्याच सारखेपणानं तो शेवटी पुन्हा वाचतो, पहिल्यांदा वकिलाच्या युक्तीनं, दुसऱ्यांदा जीव देऊन.

आता जमाव. इथं जरा वेळ काढा कारण क्रांतीवरची कादंबरी म्हटल्यावर परीक्षकही हेच बघतो आणि आपल्यालाही हेच भिडतं. नोट्स म्हणतात लंडन म्हणजे शांतता आणि पॅरिस म्हणजे हिंसा. पुस्तक उघडून बघा, तसं नाहीये. डार्नेच्या लंडनच्या खटल्यात लोक जमलेत ते त्याचे तुकडे होणार ते बघायला, आणि डिकन्स त्यांना मांसावर घोंघावणाऱ्या निळ्या माश्या म्हणतो, तो सुटल्यावर माश्या दुसरं प्रेत शोधत पांगतात. पुढं लंडनमध्येच एका हेराच्या अंत्ययात्रेत जमाव घुसतो आणि खिडक्या फोडत सुटतो. दोन शहरं उलटी नाहीत, एकमेकांचे आरसे आहेत, फरक एवढाच की एका ठिकाणी भूक पार टोकाला गेली. सरदाराची घोडागाडी गॅस्पार्ड नावाच्या गरीब माणसाच्या लेकराला चिरडते आणि सरदार खिडकीतून नाणं फेकतो, हे ज्यानं लिहिलं तो लोकांचा राग कळणारा माणूस आहे. पण तोच जमावाला समुद्र म्हणतो, वादळ म्हणतो, आग म्हणतो, आणि समुद्राला नाव नसतं, चेहरा नसतो. क्रांतिकारकांना जाक एक, जाक दोन, जाक तीन असे आकडे आहेत. रस्ते दुरुस्त करणारा एक साधा माणूस मात्र नीट बघा, तो आधी सरदाराला टोपी काढतो, मग सरदाराच्या खुनाबद्दल गॅस्पार्डला फाशी दिलेलं बघून हादरतो, आणि शेवटी लाकडं कापता कापता करवतीला माझी छोटी गिलोटिन म्हणतो. एका माणसात अख्खी क्रांती दिसते, आणि त्याच्याबद्दल कुणीच लिहीत नाही.

आपण हे सोलापुरात बसून वाचतो याचा पण विचार करा. मे १९३० मध्ये गांधीजींना अटक झाल्यावर इथले लोक रस्त्यावर आले, गोळीबार झाला, पोलीस चौकी जळाली, मार्शल लॉ लागला, आणि १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी दिली. चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांवरून आपण रोज जातो. म्हणजे आपल्यासाठी जमावाला नावं आहेत, गल्ल्या आहेत, घरं आहेत. डिकन्स १८५९ ला लिहितोय, १८५७ नंतर दोनच वर्षांनी, आणि उठावाच्या बातम्या ऐकून त्यानं आपली मैत्रीण अँजेला बर्डेट-कूट्स यांना लिहिलेल्या खाजगी पत्रात हिंदुस्थानी लोकांचा नायनाट करायची भाषा केलेली आहे. हे कळल्यावर मला पुस्तक टाकून द्यावंसं वाटलं नाही, पण तो समुद्र आणि ती आग मी वेगळ्या नजरेनं वाचायला लागले. फ्रेंच क्रांती आणि आपला लढा सारखाच असं मात्र उत्तरात ठोकून देऊ नका, तसं लिहिलं की दोन्ही पातळ होतात. उलट विचारा, हा लेखक कुणाच्या बाजूला उभा राहून बघतोय? शेवटच्या प्रकरणात तो स्वतःच सांगतो, माणुसकी पुन्हा तशाच हातोड्यांखाली चेचा, ती पुन्हा त्याच वेड्यावाकड्या रूपात उभी राहील. गरिबांची भीती आणि गरिबांवरच्या अन्यायाचा संताप, दोन्ही एकाच माणसात आहेत, आणि हा ताण झाकू नका, तोच मुद्दा करा.

उत्तर लिहिताना क्रम असा ठेवा, आधी थीमचं पूर्ण वाक्य, मग एक प्रसंग जवळून, मग त्यात कुठलं डिव्हाइस काम करतंय आणि ते नसतं तर काय बिघडलं असतं ते. हा 'नसतं तर' प्रश्न लई कामाचा. उदाहरणार्थ तिसऱ्या भागात डार्ने-ल्युसीचं कुटुंब पॅरिसमधून पळतं तेव्हा निवेदन एकदम वर्तमानकाळात येतं आणि 'आम्ही' होतं, वारा आमच्या मागं लागलाय, ढग मागं लागलेत. भूतकाळात लिहिलं असतं तर ते सुटले हे आधीच कळलं असतं, वर्तमानात आपण पण त्या गाडीत बसतो. एक थीम, दोन प्रसंग, दोन डिव्हाइस, १५ मार्कांना एवढं पुरतं, सात-आठ नावं कोंबायची गरज नाही.

आणि शेवटच्या ओळींबद्दल, कारण प्रत्येक उत्तरात त्या येतातच. 'मी आजवर केलं त्याहून हे कितीतरी चांगलं काम आहे' असं कार्टन वधस्तंभावर उभा राहून म्हणतो असं सगळे लिहितात. तो म्हणत नाही. त्याचा नंबर तेवीस पुकारला जातो, तो मरतो, आणि मग डिकन्स लिहितो की त्यानं आपले विचार बोलून दाखवले असते, आणि ते भविष्य सांगणारे असते, तर ते असे असते. जर-तर मध्ये आहे सगळं. म्हणजे त्याच्या त्यागाचं फळ त्याला दिसलं की नाही ते कादंबरी उघडं ठेवते, दिसतं ते आपल्याला. तेव्हा पेपरात 'कार्टन म्हणतो' असं लिहू नका, 'निवेदक कार्टनच्या मनात घालतो' असं लिहा, आणि पुढच्या दोन ओळींत त्यानं काय फरक पडतो ते स्वतःच्या शब्दात मांडा.